नशीब, भाग्य, सौभाग्य: कुठे काय म्हणायचं

नशीब अरबीतून आलं, भाग्य संस्कृतातून, पण दोन्हींच्या मुळाशी अर्थ एकच, वाटा, आपल्या वाट्याला आलेलं ते, मला हे फार आवडतं. रोजच्या बोलण्यात नशीबच वापरा, सीताबर्डीवर पाऊस सुरू झाला अन् लगेच ऑटो भेटला तर "नशीब बाप्पा, ऑटो भेटला!" नुसतं "नशीब त्याचं" म्हटलं की मात्र सूर वाईटाकडे जातो, कौतुक करायचं तर "नशीब काढलं पोरीनं" म्हणा. भाग्य भाषणात शोभतं.

सौभाग्य जपून, ते नवरा हयात असण्याशी जोडलेलं आहे. काका गेल्यावर एका पत्रिकेत मावशीच्या नावापुढे सौ. छापून आलं, ती कितीतरी वेळ त्या अक्षरावर बोट ठेवून बसली होती. छापायच्या आधी घरी विचारून घ्या ना.