छापील थ्रस्ट चेंबर: आधी नळ्या मोकळ्या, मग भट्टी

इस्रोने 9 मे 2024 रोजी थ्रीडी प्रिंट केलेलं, म्हणजे धातूची पावडर लेसरने थरावर थर वितळवून बनवलेलं पीएस4 इंजिन (पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचं) 665 सेकंद चालवून पाहिलं. 14 सुट्या भागांचा एकच भाग झाला, 19 वेल्ड जोड गेले, 565 किलो मालाऐवजी 13.7 किलो पावडर लागली. हे वाचून इंदूरकडच्या पिथमपूर नाहीतर सांवेर रोडवरचा कुणी कारखानदार असा थ्रस्ट चेंबरचा (इंधन जळतं त्या भांड्याचा) जॉब घेणार असेल, तर खरी गोम छपाईत नाही, भिंतीतल्या थंडाव्याच्या नळ्यांतली पावडर काढण्यात आहे.

त्याची तयारी डिझाइनमध्येच करा. नळी आडवी जात असेल तर छेद गोल नको, वर निमुळता ठेवा. 45 अंशांपेक्षा आडवं छत खाली ओघळतं आणि आत टेकूसाठी सपोर्ट दिला तर तो काढणार कसा? नळीचं खालचं तोंड बेस प्लेटवर (ज्या प्लेटवर जॉब छापतात तिच्यावर) बंद होतं, म्हणून प्लेटच्या 4-5 मिमी वर बाजूने भोक ठेवा. मॅनिफोल्ड (सगळ्या नळ्यांना जोडणारी सामाईक नळी) नंतर वेल्ड करा, म्हणजे प्रत्येक नळी वेगळी तपासता येते.

इन्कोनेल 718 या निकेल मिश्रधातूची पावडर 15 ते 45 मायक्रॉनची, थर 40 मायक्रॉनचा, चेंबरमध्ये आर्गॉन. इंदूरच्या पावसाळ्यात उघड्या डब्यातली शेव सादळते तशी ही पावडरही ओल धरते. मग थर नीट पसरत नाही आणि जॉबमध्ये छिद्रं राहतात. डबा सीलबंद ठेवा, हाताळताना मास्क हवाच. त्याच प्लेटवर टेन्साइल (ताणून तोडण्याच्या) चाचणीचे नमुनेही छापा.

छपाई झाली की प्लेट उलटी करून, फिरवत, व्हायब्रेशन द्या, मग आर्गॉन फुंका. वजनावर भिस्त नको. दीड मिमी चौरस, 100 मिमी लांब नळीत जेमतेम एक ग्रॅम पावडर मावते. 12 किलोच्या प्लेटसकट तोलताना तो ग्रॅम कुठे दिसणार? प्रत्येक नळीचा फ्लो मोजून शेजारच्या नळ्यांशी ताडा. शंका आली तर सीटी स्कॅन.

त्यानंतरच प्लेटसकट 1065 अंश सेल्सिअसला स्ट्रेस रिलीफ, म्हणजे छपाईतला ताण काढायला भट्टीत तापवणं. पावडर आत राहिली तर इथे ती जखडून बसते, नळी कायमची गेली. त्याआधी वायरकट मारून जॉब प्लेटपासून कापलात तर ताण मोकळा होऊन जॉब वाकतो. पुढे हिप (गरम दाबाखाली आतली छिद्रं मिटवणं), मग एजिंग (ताकद वाढवायला पुन्हा तापवणं). सीटच्या (दुसरा भाग टेकतो त्या) जागा मशीनिंगसाठी जाड ठेवलेल्या असतील तर तेव्हाच घासा. शेवटी पाण्याने प्रेशर टेस्ट. हवेने नको, फुटलं तर तुकडे उडतात.