जुन्या स्पोर्ट्स कारला स्पार्क प्लग कोणता घ्यावा?

जुना प्लग काउंटरवर ठेवून "असाच द्या" म्हणू नका. आधीच्या मालकाच्या मिस्तरीने हाताला लागला तो प्लग बसवलेला असतो, आणि तीच चूक आपण पैसे देऊन पुढे चालवतो. गाडीचं मॅन्युअल काढा आणि त्यातला नंबर कागदावर लिहून न्या.

माझ्याकडे मामांकडून आलेली एमजीबी आहे. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनलेल्या गाड्यांपैकी एक. १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, हवेत पेट्रोल मिसळणारे एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर. हिला चॅम्पियनचा एन९वाय सांगितलेला आहे. त्याच्या बरोबरीचा एनजीकेचा बीपी६ईएस आणि बॉशचा डब्ल्यू७डीसी. पुढची उदाहरणं हिचीच देतो, पण रीत कार्ब्युरेटरच्या कोणत्याही जुन्या गाडीला चालते.

आधी माप. बीपी६ईएसमधला 'बी' म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, 'ई' म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. 'ई'च्या जागी 'एच' असेल तर ती १२.७. बॉक्समध्ये दोन्ही सारखेच दिसतात आणि आटेही दोघांचे बसतात, म्हणून घात होतो. आखूड हेडमध्ये, म्हणजे प्लग बसतो त्या सिलिंडरवरच्या झाकणात, लांब प्लग गेला तर पिस्टन त्याला ठोकतो. लांब हेडमध्ये आखूड बसवला तर उघड्या राहिलेल्या आट्यांत काजळी भरते आणि पुढचा योग्य प्लग आत जाता जात नाही. दुकानातच दोन्ही प्लग शेजारी धरून लांबी बघा.

आता तो मधला ६, म्हणजे प्लग किती गरम किंवा थंड ते सांगणारा आकडा. याच आकड्याने मला रडवलं आहे.

आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकला की प्रत्येक गॅरेजमध्ये एकच सल्ला मिळतो: "आपला खान्देशना उनमा थंडा प्लगच चालस, भाऊ." मीही तो ऐकला. थंड प्लग शोधायला निघालो. एनजीकेचा आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, एवढं माहीत होतं. दुकानात एनजीके नव्हता, बॉश होता. मी ७ सोडून ९ घेतला आणि दोन पायऱ्या थंड प्लग मिळाला म्हणून खुशीत घरी आलो.

बॉशचा आकडा उलटा चालतो. तिथे मोठा आकडा म्हणजे गरम प्लग. चॅम्पियनचंही तसंच. मी भर मे महिन्यात दोन पायऱ्या गरम प्लग बसवून चाळीसगावहून कन्नडचा घाट चढायला निघालो होतो. अर्ध्या घाटात इंजिन खडखडायला लागलं, जणू डब्यात कोणी खिळे हलवतंय. वर पोचून चावी काढली तरी इंजिन काही सेकंद धडधडत राहिलं, कारण आतला तापलेला प्लगच पेट्रोल पेटवत होता. निवल्यावर प्लग काढले. नाकावरचं, म्हणजे इंजिनात राहणाऱ्या टोकावरचं, पांढरं चिनीमातीचं आवरण खडूसारखं कोरडं पडलं होतं आणि त्यावर बारीक चमचमते ठिपके होते. ते ठिपके पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे. आणखी पाच किलोमीटर रेटली असती तर इंजिनच उघडावं लागलं असतं.

म्हणून बजावून सांगतो: कंपनी बदलली की आकडा नुसता उचलू नका, तुलनेचा तक्ता बघा. जुन्या दुकानात मायकोची, म्हणजे बॉशच्याच भारतातल्या कंपनीची, धूळ खाल्लेली खोकी मिळतात, तिथे दुप्पट सावध राहा. डब्ल्यू१७५ सारखे तीन आकडी नंबर बॉशच्या जुन्या पद्धतीचे आहेत, आणि त्या पद्धतीत मोठा आकडा थंड होता. एकाच कंपनीच्या दोन काळांतल्या खोक्यांवर दोन उलटे अर्थ.

शिवाय, तो सल्लाच मुळात चुकीचा होता. प्लगचं टोक साधारण ४५० ते ८५० अंशांत राहिलं पाहिजे. त्याखाली काजळी जळत नाही, त्यावर गेलं की प्लग ठिणगीआधीच पेट्रोल पेटवतो. आकड्याची एक पायरी बदलली की टोकाचं तापमान ७० ते १०० अंशांनी हलतं. बाहेरचं ऊन दहा अंशांनी वाढलं म्हणून शंभर अंशांचा बदल करायचा कशाला? गरम-थंड हा हवामानाचा शब्दच नाही. प्लगचं नाक लांब असेल तर उष्णता हेडपर्यंत पोचायला वाट लांब पडते, प्लग गरम राहतो. नाक आखूड, तर थंड. ते नाक इंजिनाच्या दाबावर आणि कामावर ठरवलेलं असतं. इंजिन मूळचं असेल तर मॅन्युअलचाच आकडा, बारा महिने. खरोखर थंड प्लग बसवून गावात फिरलात तर सिग्नलला थांबून थांबून प्लग काळे होतील आणि गाडी मिस मारेल. एक पायरी थंड जायचं ते कॉम्प्रेशन वाढवलेल्या, रेससाठी बांधलेल्या इंजिनाला.

बाकीचं झटपट. पॉइंटच्या, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या जुन्या यांत्रिक स्विचच्या, जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल तर नंबरात 'आर' (रेझिस्टर) असलेला, म्हणजे बीपीआर६ईएस घ्या. पॉइंट असतील तर दोन्ही चालतात. इरिडियमवर पैसे घालवू नका. त्याचा फायदा लांब आयुष्य, आणि कार्ब्युरेटरच्या गाडीत झीज होण्याआधी काजळीच प्लग संपवते. वॉशर हलकेच फिरवल्यावर गळून पडणारा, किंवा मधली दांडी तिरकी दिसणारा प्लग परत करा, खोकं कितीही चकचकीत असो.

गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, खोक्यातून आली तशी ठेवू नका. एमजीबीला ०.०२५ इंच, म्हणजे ०.६४ मिलिमीटर. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून फक्त बाहेरची वाकडी पट्टी हलवायची, मधल्या दांडीला टेकू द्यायचा नाही.

बसवताना इंजिन थंड हवं. आधी प्लगभोवतीच्या खळग्यातली धूळ हवेने उडवा. आपल्याकडच्या रस्त्यांची माती त्यात हमखास असते. आटे हातानेच फिरवा, मग वॉशर टेकल्यावर पान्याने अर्धा फेरा. तोच प्लग पुन्हा बसवत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, तेव्हा बाराव्या भागाइतकाच फेरा. ग्रीस लावायचं नाही. घसरडे आटे प्लगला गरजेपेक्षा जास्त आवळू देतात.

शेवटी खात्री. धुळे-जळगाव रस्त्यावर मोकळी सपाटी बघून दहा-पंधरा किलोमीटर दमात चालवा, मग क्लच दाबून इंजिन बंद करा आणि गाडी कडेला आणा. मागे कोणी नाही हे आधी बघा, आणि स्टिअरिंगला लॉक असेल तर चावी काढू नका. घरापर्यंत रमत आलात तर शेवटच्या पाच मिनिटांची काजळीच दिसेल. प्लग काढून सिलिंडरच्या क्रमाने अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवा. पुस्तकात लिहिलेला चॉकलेटी रंग शोधू नका, तो शिशाच्या पेट्रोलच्या जमान्यातला. आता फिकट मातकट दिसला तरी ठीक. चारही पांढरे असतील तर प्लगचा आकडा बदलू नका. आता पंपावर मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ऑक्सिजन जास्त, त्यामुळे साध्या पेट्रोलवर जुळवलेलं हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ पडतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. एसयूच्या एचएस४ प्रकारच्या कार्ब्युरेटरच्या तळाचं जेटचं षटकोनी नट दोन्हीकडे एक-एक बाजू खाली फिरवा आणि पुन्हा चालवून बघा. पहिला-दुसरा काळा आणि तिसरा-चौथा नीट असेल, तर दोष पुढच्या कार्ब्युरेटरचा. तेवढाच जुळवा, मागच्याला हात लावू नका.