मिशनऱ्याच्या घराण्याचा माग: सुरुवात पासपोर्टच्या अर्जापासून

मुंबई इलाख्यात आयुष्य काढलेल्या अमेरिकन मिशनऱ्याचं मूळ गाव इथल्या चर्चच्या वह्यांत सहसा मिळत नाही. ते त्याच्या देशातल्या कागदांत शोधा.

१. फॅमिलीसर्च या वंशावळींच्या वेबसाइटवर मोफत खातं उघडून अमेरिकेचे १७९५ ते १९२५चे पासपोर्ट अर्ज पाहा. विसाव्या शतकातल्या अर्जांत जन्मतारीख, जन्मगाव, बरेचदा वडिलांचं नाव आणि सोबत जाणारी बायकामुलंही असतात. डिसेंबर १९१४ नंतरच्या अर्जांवर फोटोसुद्धा! एवढं एका कागदावर क्वचितच मिळतं.

२. मग ‘मिशनरी हेरल्ड’ या अमेरिकन मिशनच्या मासिकाचे जुने अंक इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयात चाळा. तिथे शोधताना आडनावापेक्षा मिशनच्या ठाण्याचं, म्हणजे तो जिथे काम करायचा त्या गावाचं नाव टाका. अहमदनगरचं जुन्या अंकांतलं इंग्रजी स्पेलिंग वेगळं आहे: शेवटच्या ‘नगर’मध्ये दोन जी आणि दोन्ही बाजूंना यू. पत्नीचं माहेरचं आडनाव दिसलं की लगेच टिपा. पुढे तिच्या माहेराकडूनही माग लागतो.

सांभाळा: मुलगेही याच कामात येत, त्यामुळे बापलेकांची गल्लत होते. रॉबर्ट विल्सन ह्यूम मुंबईत होते, १८४७ साली मुंबईत जन्मलेले त्यांचे चिरंजीव रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम नगरला. मधलं नाव आणि साल जुळल्याशिवाय वंशवृक्षात नोंद करू नका.