पेट्रोल गाडीला एलपीजी किट बसवताय? पैसे देण्याआधी या चुका टाळा

"किटचे पैसे किती दिवसांत वसूल होतील?" असं कुणी विचारलं की मी उलट दोन प्रश्न विचारतो. तुमच्या रोजच्या रस्त्यावर एलपीजीचा पंप कुठे आहे? आणि गाडी एकदा सुरू केली की किती किलोमीटर सलग चालते? बहुतेक जण याचा विचार न करताच फिटरकडे गाडी लावतात. माझ्याही बाबतीत तेच झालं, आणि त्याची किंमत मला घाटात मोजावी लागली. ते पुढे सांगतो.

नुसत्या लिटरच्या भावावर हिशेब

पेट्रोल १०५ रुपये आणि ऑटो एलपीजी ६५ रुपये लिटर धरू. ४० रुपये वाचले असं वाटतं, पण एक लिटर एलपीजीत एक लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा नसते. पेट्रोलवर १५ चं अॅव्हरेज देणारी गाडी गॅसवर १२ च्या आसपास देते. म्हणजे किलोमीटरला ७ रुपयांऐवजी साधारण ५ रुपये ४० पैसे. खरी बचत १ रुपया ६० पैसे. किटला ३५ हजार गेले, तर ते निघायला सुमारे २२ हजार किलोमीटर लागतील. महिन्याला ८०० किलोमीटर फिरणाऱ्याचे सव्वादोन वर्षांत वसूल होतात. ३०० किलोमीटरवाल्याला सहा वर्षं लागतात, आणि तोवर गाडीच विकायला निघते. आपल्या गावचे भाव घालून हे गणित कागदावर मांडा. सीएनजीशी तुलना करताना आणखी एक घोळ होतो. सीएनजी किलोवर मिळतो आणि एलपीजी लिटरवर, त्यामुळे भावाचे आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही. रुपये प्रति किलोमीटर काढा.

शिवाय गाडी थंड असताना पेट्रोलवरच सुरू होते. कूलंट ३५-४० अंशांपर्यंत तापलं की मगच गॅसवर जाते. मुलांना शाळेत सोडणं, मंडई, परत घर अशा दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या असतील, तर थंडीत त्यातला बराचसा रस्ता पेट्रोलवरच संपतो. अशा गाडीला किट बसवू नका, असं मी स्पष्ट सांगतो.

पंप आहे असं गृहीत धरणं

मारुतीने २००६ मध्ये कंपनीतूनच एलपीजी बसवलेली वॅगन आर ड्युओ आणली, तेव्हाच्या आठवणीवर आजही लोक सल्ले देतात. त्यानंतर मुंबई-पुण्यात सीएनजीचं जाळं पसरलं आणि ऑटो एलपीजी मागे पडला. नकाशावर दिसणारा पंप प्रत्यक्षात सुरू आहे का, हे स्वतः जाऊन बघा. घराजवळ सीएनजी मिळत असेल, तर आधी त्याचा विचार करा. एलपीजीच्या बाजूने बोलायचं तर त्याची टाकी हलकी असते. सीएनजी २०० बार दाबाने भरतात, एलपीजीचा दाब त्याच्यापुढे किरकोळ असतो. गोल चपटी टाकी स्टेपनीच्या जागी बसते आणि डिकी मोकळी राहते.

पंप नाही म्हणून घरगुती सिलेंडरमधून गॅस भरून घेणारे आहेत. हे बेकायदा तर आहेच, पण जिवावरचं आहे. गाडीतल्या गॅसच्या टाकीला भरणं ८० टक्क्यांना थांबवणारा व्हॉल्व्ह असतो. उन्हात द्रव फुगतो, त्यासाठी ही मोकळी जागा ठेवलेली असते. मोटर लावून भरणाऱ्याकडे ना तो हिशेब असतो, ना गळतीची काळजी. (४० लिटरच्या टाकीत ३२ लिटरच बसला म्हणून पंपवाल्याशी भांडू नका, तो बरोबर आहे.)

थकलेल्या इंजिनाला किट

गाडी पेट्रोलवर नीट चालत नाही, गॅसवर तरी चालेल, ही समजूत मी अनेकांकडून ऐकली आहे. होतं उलटंच. गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोरकस लागते, त्यामुळे पेट्रोलवर निभावून गेलेले प्लग आणि कॉइल गॅसवर लगेच उघडे पडतात आणि गाडी मिसिंग करते. आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्या, प्लग बदला, टॅपेटचं अंतर (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट) मोजून लिहून ठेवा. काही इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कडी) मऊ असतात. कोरड्या गॅसवर त्या झिजतात, टॅपेटचं अंतर कमी होत जातं आणि शेवटी हेड उघडावं लागतं. तुमच्याच मॉडेलची, गॅसवर लाखभर किलोमीटर चाललेली गाडी असलेला माणूस गाठून त्याला विचारा.

कागद नंतर बघू

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार हा बदल आरसीवर चढवावाच लागतो. किट पुण्याच्या एआरएआयसारख्या, गाड्यांची चाचणी करणाऱ्या संस्थेने मंजूर केलेलं आणि तुमच्या गाडीला लागू असलेलं हवं. बीएस ६ गाड्यांना किट बसवायची वाट २०२२ मध्ये खुली झाली, पण म्हणून कोणतंही किट चालत नाही. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी शोरूमला विचारा. विमा कंपनीला लेखी कळवा. मोटार टॅरिफप्रमाणे किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टीसाठी ६० रुपये जादा पडतात. एवढ्यासाठी क्लेम अडकवून घेऊ नका. टाकीवरची तारीखही बघून ठेवा, दर पाच वर्षांनी तिची चाचणी लागते.

बसवल्यावर त्रास सुरू झाला तर

माझ्या फिटरने रिड्यूसरसाठी (कूलंटच्या उष्णतेवर द्रव गॅसची वाफ करणारा किटचा भाग) कूलंटचा पाइप कापला, जोडला, वरून साधं पाणी ओतलं आणि आतली हवा न काढताच गाडी हातात दिली. खंबाटकी घाटात काटा लालवर गेला. वेळीच थांबलो म्हणून हेड गॅस्केट वाचलं. तेव्हापासून सांगतो: किट बसवल्यावर पहिला आठवडा रोज सकाळी, इंजिन थंड असताना, कूलंटची पातळी बघा. गाडी गॅसवर जातच नसेल किंवा रिड्यूसरवर दव-बर्फ धरत असेल, तरी पहिला संशय कूलंटवरच घ्या.

पिकअप मेला, चेक इंजिनचा दिवा लागला, तर ट्यूनिंग अर्धवट आहे. जागेवर उभ्या गाडीत लॅपटॉप लावून केलेलं ट्यूनिंग पुरत नाही. फिटरला शेजारी बसवून चढावर, एसी लावून गाडी चालवा आणि तिथे आकडे जुळवून घ्या. इंजेक्शनच्या गाडीला स्वस्तातलं मिक्सर किट (इंजिनात जाणाऱ्या हवेतच गॅस मिसळणारं) लावलं असेल तर हा त्रास जाता जात नाही, बॅकफायरने एअर फिल्टरचा डबाही फुटू शकतो. प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने गॅस देणारं सिक्वेन्शियल किटच घ्या.

पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नका. आतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. पाव टाकी कायम असू द्या आणि आठवड्यातून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

वास आला तर मात्र तपासणी नंतर. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही, तळघरातल्या पार्किंगमध्ये आणि गटारात साचतो. गाडी मोकळ्यावर असेल तर इंजिन बंद करा, दारं उघडा, माणसं लांब न्या आणि टाकीवरचा व्हॉल्व्ह हाताने बंद करा. तळघरात वास आला तर गाडी सुरू करू नका, दिव्याचं बटण दाबू नका, फोनही बाहेर येऊन लावा. अग्निशमन दलाचा नंबर १०१.