अल्बमच्या नावावरून भांडायचं कसं

अल्बमचं नाव जाहीर झालंय आणि गाणी अजून यायची आहेत, हा मधला काळ चाहत्यांनी वाया घालवू नये. गाणी आली की सगळेच शहाणे होतात. त्याआधी हातात असतं फक्त नाव, मुखपृष्ठ आणि दोन-चार ओळी. तेवढ्यावरून अर्थ लावण्याची मजा नंतर कधीच येत नाही. पण हा वाद रंगवायचा तर त्याला एक रीत लागते. ती रीत इथे लिहिते आहे. उदाहरण घेते अमेरिकी गायिका टेलर स्विफ्टच्या ‘द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट’चं, म्हणजे पीडित कवींच्या डिपार्टमेंटचं, कारण एका नावावरून आमच्या ग्रुपवर इतकं मनसोक्त भांडण दुसऱ्या कुठल्याच अल्बमने घडवलेलं नाही.

ग्रुपमध्ये आम्ही चौघं. मी नागपूरला अकरावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. मामेभाऊ पंचायत समितीत कनिष्ठ सहाय्यक. ताई पुण्यात कॉलेजात प्राध्यापक. मावसबहीण नोकरीनिमित्त सिंगापूरला. कोण काय करतं हे मुद्दाम सांगितलं, कारण पहिली गोष्ट तीच आहे: वाद घालायला एकाच धंद्यातली माणसं गोळा करू नका. एकाच नावात चौघांना चार वेगळ्या गोष्टी दिसल्या पाहिजेत.

नाव कळल्यावर लगेच अर्थ लावायला बसू नका. आधी नोंद करा. नाव कुठे जाहीर झालं, कोणत्या शब्दांत, सोबत काय दाखवलं, खाली सही काय केली. टेलरने हे नाव ४ फेब्रुवारी २०२४ ला लॉस एंजेलिसच्या ग्रॅमी सोहळ्यात सांगितलं. तिच्या आधीच्या ‘मिडनाइट्स’ला सर्वोत्कृष्ट पॉप व्होकल अल्बमचा पुरस्कार मिळाला, तो घेताना. आपल्याकडे ५ तारखेची, सोमवारची सकाळ होती. माझं पहिलं लेक्चर आणि ही बातमी एकदमच आली. दोन वर्षं जपलेलं गुपित सांगते, असं ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने मुखपृष्ठ टाकलं, हाताने लिहिलेलं एक टिपण टाकलं आणि त्याखाली स्वतःला त्या डिपार्टमेंटची ‘चेअरमन’ म्हणवून सही केली. यातला ‘दोन वर्षं’ हा शब्द आणि ‘चेअरमन’ ही सही, दोन्ही पुढे फार कामाला आले. नोंद नसती तर दुसऱ्याच दिवशी प्रत्येकाने आपल्या सोयीने ते वाक्य बदलून सांगितलं असतं.

त्याच दिवशी, घोषणेआधी, तिची वेबसाइट बंद पडल्यासारखी दिसत होती आणि त्यावर काही विस्कटलेली अक्षरं होती. ती जुळवली की ‘रेड हेरिंग’ होत होतं, म्हणजे मुद्दाम चुकीच्या वाटेला लावणारा धागा. जगभरच्या चाहत्यांनी तोवर तिचा जुना अल्बम ‘रेप्युटेशन’ नव्याने रेकॉर्ड होऊन येणार असं धरून चालायला सुरुवात केली होती. ही कलाकार कोडी घालते आणि त्यात खोटी कोडीही मिसळते, हे लक्षात ठेवून प्रत्येक पुराव्यापुढे तो किती भक्कम आहे ते लिहा. आम्ही तीन दर्जे ठेवले आहेत: ‘तिने स्वतः म्हटलं’, ‘चित्रात दिसतं’ आणि ‘मला वाटतं’. तिसऱ्या दर्जाचा पुरावा मांडायला बंदी नाही. तो पहिल्या दर्जाचा म्हणून खपवायला आहे.

मग त्या कलाकाराची नावं ठेवण्याची सवय पाहा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि खरं तर सगळ्यात जास्त माल इथेच असतो. टेलरची नावं मांडून बघा: फिअरलेस, स्पीक नाऊ, रेड, १९८९, रेप्युटेशन, लव्हर, फोकलोर, एव्हरमोर, मिडनाइट्स. एक शब्द, फार तर दोन. ‘१९८९’ हे तिचं जन्मसाल. आणि अकराव्या अल्बमला अचानक चार शब्दांचं, एखाद्या कार्यालयाच्या दारावरच्या पाटीसारखं नाव! आतापर्यंतची नावं एखादी भावना, रंग, वर्ष किंवा वेळ सांगायची. हे नाव एका संस्थेचं आहे. मग प्रश्न आपोआप उभा राहतो: ही संस्था कसली?

इथे आमचं भांडण सुरू झालं, आणि कोणाला अडवू नका असं मी म्हणते ते याच टप्प्यासाठी. मामेभाऊ म्हणाला, सरळ आहे, हे सरकारी खातं आहे. पीडित कवींनी अर्ज करायचा, कविता आवक नोंदवहीत चढवायची, दुःखाचा दाखला जोडायचा, आणि साहेब दौऱ्यावर असतील तर पुढच्या सोमवारी यायचं. त्याने खात्याचा आकृतिबंधसुद्धा बनवला: एक अध्यक्ष, दोन विरह अधिकारी, एक अश्रू लिपिक. ताईने ते एका वाक्यात फेटाळलं. सरकारी खात्याला चेअरमन नसतो, अमेरिकी विद्यापीठातल्या विभागाच्या प्रमुखाला मात्र ‘चेअर’ म्हणतात. म्हणजे हा विद्यापीठातला काव्यविभाग आहे आणि टेलर त्याची विभागप्रमुख. मावसबहिणीचं तिसरंच. तिच्या मते हा पोलिसांचा विभाग, आणि कवींना छळलं कोणी याचा तपास इथे चालतो. आम्ही हसलो, पण तिच्याकडे आमच्यापेक्षा चांगला पुरावा निघाला. टेलरच्या त्या हस्तलिखित टिपणाची भाषाच कोर्टातली होती. ती आपल्या वस्तू ‘पुरावा म्हणून सादर’ करत होती. पहिल्या दर्जाचा पुरावा!

ताईने मग सभासदांची यादी सुरू केली आणि नागपूरच्या मंडळींनी कवी ग्रेस यांना आजीव अध्यक्ष केलं. दुःखाच्या कवितेत आमच्या गावाचा माणूस मागे राहणार नाही, हा मुद्दा मामेभावाने इतक्या जोरात मांडला की टेलरला उपाध्यक्षपदावर समाधान मानावं लागलं. असं आपलं माणूस परक्या नावात नेऊन बसवणं जरूर करावं. त्याने नाव जवळचं होतं, आणि त्या निमित्ताने सिंगापूरच्या मुलीने ग्रेस पहिल्यांदा वाचले.

व्याकरणाचा मुद्दा निघाला तर तो टाळू नका. ‘पोएट्स’मध्ये अपॉस्ट्रॉफी, म्हणजे इंग्रजीत मालकी दाखवणारं चिन्ह, नाही, यावरून जगभर रण माजलं होतं. काहींना ती टी-च्या नंतर हवी होती, काहींना एस-च्या नंतर, आणि दोघांनाही छापणाऱ्यांची चूक झाली आहे असंच वाटत होतं. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हा प्रश्न फळ्यावर घातला. टी-नंतर आली तर विभाग एकाच कवीच्या मालकीचा. एस-नंतर आली तर अनेक कवींच्या मालकीचा. मुळीच नाही, म्हणजे मालकीचा प्रश्नच नाही. कवी हे त्या विभागाचं वर्णन आहे, जसं सेल्स डिपार्टमेंटमध्ये सेल्स. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या खात्याच्या नावातही ‘व्हेटरन्स’ला अपॉस्ट्रॉफी नाही. हा अर्थ मला सगळ्यात आवडला: कवी विभागाचे मालक नाहीत, ते तिथे भरती आहेत. एका चिन्हाच्या नसण्यातून एवढं निघतं, आणि बारावीच्या मुलांना अपॉस्ट्रॉफी शिकवायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळालेलं नाही.

अपॉस्ट्रॉफी नसलेलं आणखी एक नाव तेव्हाच सगळ्यांच्या तोंडी आलं: ‘डेड पोएट्स सोसायटी’, १९८९ सालचा चित्रपट. दोन्ही नावांची ठेवण एकच. मावसबहिणीने ही जोडी पहिल्याच दिवशी लिहून ठेवली, तारखेसकट. म्हणून सांगते, नाव जाहीर झाल्यापासून चोवीस तासांच्या आत प्रत्येकाने आपला अर्थ दोन-तीन ओळींत लिहून ग्रुपवर पिन करावा. नंतर ‘मी तर आधीच म्हटलं होतं’ असं सगळेच म्हणतात. पिन केलेलं मात्र एकाचंच असतं.

एक गोष्ट मात्र सांभाळायची. नावाचा अर्थ लावताना गाडी लवकरच कलाकाराच्या खासगी आयुष्याकडे वळते. डिसेंबर २०२२ च्या एका मुलाखतीत टेलरचा तेव्हाचा जोडीदार जो अल्विन याने एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा उल्लेख केला होता: ‘द टॉर्चर्ड मॅन क्लब’. त्यात तो, पॉल मेस्कल आणि अँड्र्यू स्कॉट, तिघेही अभिनेते. झालं, अर्ध्या जगाने ठरवून टाकलं की अल्बमचं नाव म्हणजे त्या ग्रुपला दिलेलं उत्तर. दोन नावांतलं साम्य विलक्षण आहे, ते नोंदवावंच. पण तिथून पुढे त्या माणसाला शिव्या घालायला जाणं हे अर्थ लावणं नव्हे. आमच्या ग्रुपचा नियम असा की हसायचं ते नावावर, हयात माणसाच्या नात्यावर नाही. हा नियम मी फार मनापासून पाळते. चाहत्यांच्या प्रेमाचा कोणाला त्रास होऊ लागला की त्या प्रेमाची मला लाज वाटते.

आणि तो कयास टिकलाही नाही. अल्बम १९ एप्रिलला आला. न्यूयॉर्कची मध्यरात्र म्हणजे आपले सकाळचे साडेनऊ. त्या दिवशी नागपुरात लोकसभेचं मतदान होतं, म्हणून मी ऊन चढायच्या आत मत देऊन आले आणि बोटावरची शाई वाळते न वाळते तोच ऐकायला बसले. दुसरंच गाणं शीर्षकगीत, आणि त्याची सुरुवात होते घरी विसरून राहिलेल्या एका टाइपरायटरपासून. चाहत्यांची चर्चा तासाभरात वेगळ्याच माणसाकडे वळली. अडीच महिने सांभाळलेली भिंत एका वस्तूने पाडली.

तपासणीच्या दिवसाची तयारी म्हणून पिन केलेले सगळे अर्थ समोर ठेवा आणि पहिल्यांदा ऐकताना काहीच लिहू नका. दुसऱ्यांदा ऐकताना फक्त शीर्षकाशी जुळणाऱ्या ओळी टिपा. शीर्षकगीतात टेलर कवी डिलन थॉमस, कवयित्री-गायिका पॅटी स्मिथ आणि कलावंतांच्या मुक्कामासाठी गाजलेल्या न्यूयॉर्कच्या चेल्सी हॉटेलचं नाव घेते, आणि आपण त्यांच्यापैकी कोणी नाही, आपण आजच्या काळातले दोन वेडे आहोत, असं म्हणते. म्हणजे पीडित कवी ही पदवी ती मिरवतही आहे आणि त्याच गाण्यात त्या पदवीवर हसतही आहे. हे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं. आम्ही तिघी-चौघे विभाग कसला याच्यावर भांडत बसलो, आणि तिने विचारलं होतं की आपण खरंच कवी आहोत का.

घाईने निकाल लावू नका हेही त्याच दिवशी पटलं. साडेअकराला, म्हणजे तिकडच्या रात्री दोनला, आणखी पंधरा गाणी आली आणि अल्बम एकतीस गाण्यांचा झाला. दोन वर्षांत इतकं लिहिलं की सगळंच द्यावंसं वाटलं, अशा अर्थाचं तिने सांगितलं. ‘दोन वर्षं’ हा शब्द आमच्या नोंदीत फेब्रुवारीपासून पडून होता.

‘फोर्टनाइट’ या गाण्याचा व्हिडिओ आल्यावर मग गुण वाटले. त्यात टेलर आणि तिचा सहगायक पोस्ट मलोन समोरासमोर टाइपरायटरवर बसलेले दिसतात: मामेभावाच्या कार्यालयाला अर्धा गुण. ती रुग्णालयासारख्या जागेत रुग्ण आहे आणि तिच्यावर प्रयोग होतात: हा अर्थ कोणीच मांडला नव्हता. आणि प्रयोग करणारे शास्त्रज्ञ कोण, तर ईथन हॉक आणि जॉश चार्ल्स, ‘डेड पोएट्स सोसायटी’तले दोघे नट! मावसबहिणीने रात्रीपर्यंत ग्रुपवर दुसरं काही बोलू दिलं नाही. तिचा तो हक्कच होता.

सगळ्या नावांवर असा वाद होत नाही. ‘मिडनाइट्स’ जाहीर करतानाच टेलरने सांगून टाकलं होतं की आयुष्यात विखुरलेल्या तेरा जागत्या रात्रींच्या या गोष्टी आहेत. २०२५ च्या ‘द लाइफ ऑफ अ शोगर्ल’बद्दलही तिने आधीच पॉडकास्टवर बोलून दौऱ्याच्या पडद्यामागचं आयुष्य असा अर्थ दिला. अशा वेळी ओढूनताणून दुसरा अर्थ काढू नका. मुखपृष्ठ, रंग, गाण्यांचा क्रम, यांच्याकडे वळा. कलाकाराने स्पष्ट सांगितलेलं नाकारून वाद चालवला की तो लगेच रटाळ होतो.

आमचा एक मुद्दा मात्र अजून मिटलेला नाही. पोएट्स हे अनेकवचन आहे. टेलर चेअरमन, मग बाकीचे कवी कोण? ताई म्हणते गाण्यातला तो टाइपरायटरवाला. मामेभाऊ म्हणतो ऐकणारे आपण सगळे, आणि त्यासाठी त्याने ओळखपत्रंसुद्धा छापून घेतली आहेत. माझं मत असं की अनेक कवी म्हणजे टेलरच आहे, प्रत्येक गाण्यात वेगळी. कोणाला यात भर घालायची असेल तर घाला, फक्त पुरावा गाण्यातल्या ओळीचा हवा, आणि त्याचा दर्जा आधी सांगा.