जुन्या फायबरच्या बोटीच्या तळाचे फोड

जुनी बोट विकत घेताना ती पाण्याबाहेर काढून बघितल्याशिवाय व्यवहार करायचा नाही, एवढं शहाणपण मी केलं. पाणरेषेखाली हात फिरवला तर वाटाण्याएवढे फोड. एक टोचला. आतून चिकट पाणी उडालं, वास थेट व्हिनेगरचा. (चष्मा लावूनच टोचा, आत दाब असतो.) जेलकोटमधून (बोटीवरचा बाहेरचा गुळगुळीत थर) पाणी झिरपतं, रेझिनमधल्या (फायबर चिकटवून धरणारं प्लास्टिक) विरघळणाऱ्या घटकांशी मिसळून आम्ल द्रव होतो आणि तो आणखी पाणी ओढतो. गोड्या पाण्यात हे जास्तच.

फोड 20-25 होते. हातोडीच्या मुठीने ठोकलं तर आवाज सगळीकडे टणक. बद्द आला असता, म्हणजे आतले थर सुटलेले असते, तर घेतलीच नसती. किंमत उतरवून घेतली.

प्रत्येक फोड घट्ट फायबर लागेपर्यंत ग्राइंडरने उघडला, साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतला. मग वाळवणं. इथेच धीर सुटतो. ओलावा मीटरचा काटा आठवडेच्या आठवडे हलेना. तो उतरून स्थिरावल्यावरच इपॉक्सी (पाण्याला दाद न देणारं रेझिन) पुट्टी भरली, घासली, वर इपॉक्सीचे 5 हात मारले. पॉलिएस्टर पुट्टी स्वस्त पडते, पण पाण्याखाली ती नकोच.

दुसऱ्या हंगामात बोट वर काढली. जुन्या जागा सपाट. सुकाणूजवळ एक नवा फोड मात्र निघाला.