एफए कपची तयारी, बडोद्याच्या घरातून

ऑगस्टमध्ये फक्त एक वही काढून ठेवायची. नवी आणायची गरज नाही, भाचीच्या गेल्या वर्षीच्या वहीची मागची कोरी पानं पुरतात. एफए कप, म्हणजे हरला तो बाहेर अशी इंग्लंडची फुटबॉल स्पर्धा, तेव्हाच सुरू होतो, पण त्या फेऱ्यांत खेळतात ते इंग्लंडच्या लहानसहान गावांतले संघ, आठवडाभर नोकरी करून शनिवारी बूट चढवणारे. सातशेहून जास्त संघ उतरतात. अगदी तळच्या फेरीतून निघालेल्याला कप उचलायचा तर चौदा फेऱ्या जिंकाव्या लागतात, प्रीमियर लीगवाल्यांना, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीतल्यांना, सहा पुरतात. त्यातला एखादा संघ निवडायचा, शक्यतो ज्याचं गाव नकाशात शोधावं लागेल असा, आणि नाव वहीत लिहायचं. तो हरला की त्यावर काट मारून हरवणाऱ्याचं नाव खाली लिहायचं. एवढा एकच नियम. आमचे काका याला पक्षांतर म्हणतात, म्हणोत बापडे. टीव्हीला अजून हात लावायचा नाही. दांडिया बाजारात मांडवाचे बांबू येऊन पडलेले असतात, तसाही वेळ कुणाला असतो?

सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पात्रता फेऱ्या नवरात्राच्या आगेमागे येतात. गरब्याशी भांडू नका, हराल. सकाळी निकाल पाहून वहीत नोंद केली की झालं.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार मात्र कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवा. त्या दिवशी ब्रिटनची घड्याळं एक तास मागे जातात. तोवर तिथले दुपारचे तीन म्हणजे आपले साडेसात असतात, त्यानंतर साडेआठ. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा उलटं होतं. ते मी एकदा विसरलो, शेव-उसळ बांधून घेऊन ऐटीत घरी आलो आणि टीव्ही लावला तर मध्यंतर चाललेलं. तेव्हापासून फ्रिजवर कागद चिकटवलेला आहे: हिवाळ्यात तिथले साडेबारा म्हणजे संध्याकाळचे सहा, साडेपाच म्हणजे रात्रीचे अकरा, आणि पावणेआठ म्हणजे मध्यरात्रीनंतरचा सव्वा. सव्वाच्या मॅचसाठी हेडफोन लागतो, कारण आमचा टीव्ही आजीच्या खोलीत आहे. आजीला उजेड चालतो, कॉमेंट्री चालत नाही.

नोव्हेंबरात पहिली मुख्य फेरी. दिवाळीच्या डब्यांत तळाशी चिवडा उरलेला असतो तेव्हाच तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतले 48 संघ आणि पात्रता फेऱ्यांतून वर आलेले 32 भिडतात. मॅच कुठे दिसणार हे याच वेळी पाहून घ्या. प्रक्षेपणाचे हक्क हात बदलत असतात, वर्षभराचे पैसे आधीच भरू नका.

खरी तयारी करायची ती जानेवारीसाठी. लोक मे महिन्यातल्या फायनलची वाट पाहतात, माझ्या मते कपचा जीव तिसऱ्या फेरीत आहे. वरच्या दोन श्रेणींचे 44 संघ इथे येतात, खालून झगडत आलेले वीस त्यांना मिळतात, एकूण चौसष्ट. जोड्या ठरतात क्रमांकांचे गोळे काढून, आणि बड्यांना एकमेकांपासून लांब ठेवायची सोय त्यात नसते. म्हणून एखाद्या गल्लीतल्या मैदानावर टॉटनहॅमसारख्या प्रीमियर लीगवाल्या संघाला जावं लागतं. 12 जानेवारी 2025 ला तसंच झालं. पाचव्या श्रेणीतल्या टॅमवर्थने त्यांना आपल्या कृत्रिम गवतावर नव्वद मिनिटं 0-0 वर रोखून धरलं. आधीचा नियम असता तर मॅच पुन्हा झाली असती, तीही टॉटनहॅमच्या मोठ्या स्टेडियमवर, आणि टॅमवर्थला तिकिटांचे चार पैसे मिळाले असते. पण मुख्य फेऱ्यांतले रीप्ले त्याच हंगामापासून बंद केले होते. जादा वेळेत तीन गोल खाऊन ते बाहेर पडले. मला हा बदल अजून पटलेला नाही.

आता अडचण अशी की ही फेरी आणि उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचे पतंग, यांच्यात जेमतेम दोन-चार दिवसांचं अंतर असतं. मांजा आधीच रंगवून आणा, फिरक्या भरून ठेवा, तिळगूळ डिसेंबरच्या शेवटीच करून टाका. मॅचच्या संध्याकाळी तुम्हाला कोणी मांजा रंगवणाऱ्याच्या रांगेत उभं करता कामा नये. अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, स्पीकर चढवायची वायर याच दिवसांत काढलेली असते, तीच टीव्हीला जोडा. फक्त शेजारच्या अगाशीतून पतंग कापल्यावर ‘काप्यो छे!’ ओरडलं की गोल झाला असं समजून पळत खाली येऊ नका. आमच्याकडे हे घडलंय.

फेब्रुवारीतही डोळे उघडे ठेवा. 2025 मध्ये याच महिन्यात प्लिमथने लिव्हरपूलला 1-0 ने घरी पाठवलं, तेव्हा प्लिमथ दुसऱ्या श्रेणीत तळाला होतं आणि लिव्हरपूल पहिल्या श्रेणीत अव्वल. मार्चमध्ये घरात बोर्डाची परीक्षा असेल तर आवाज बंद, मोबाइलवर बघा, आणि आईला ते आधीच सांगून ठेवा.

सेमीफायनल आणि फायनल दोन्ही लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर. उन्हाळ्याची वेळ सुरू झालेली असते, म्हणून 2025 ची फायनल आपल्याकडे रात्री नऊला लागली होती. जादा वेळ आणि पेनल्टी झाल्या तर बारा सहज वाजतात, तेव्हा आमरस-पुरी मॅचआधी उरकून घ्या. पोटभर आमरस खाऊन पहिल्या वीस मिनिटांत झोप लागते, हा धोका आहेच. त्या वर्षी क्रिस्टल पॅलेसचा एकमेव गोल सोळाव्या मिनिटालाच झाला आणि काकांनी तो पाहिलाच नाही. काका क्रिकेटवाले. पहिली फायनल 1872 मध्ये लंडनच्या ओव्हलवर, म्हणजे क्रिकेटच्या मैदानावर झाली होती, हे मात्र ते दरवर्षी न चुकता ऐकवतात.

त्या हंगामातलं माझं पान अजून आहे. टॅमवर्थवर काट, टॉटनहॅमवर काट, अ‍ॅस्टन व्हिलावर काट, खाली क्रिस्टल पॅलेस. त्याच्या बाजूला भाचीच्या अक्षरात नऊचा पाढा.